रिकामी जागा, एक म्हैस आणि ‘औदुंबर’ : नववीच्या वर्गातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्हा, कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाची शाळा. शाळेचं आणि मुलांचं नाव देत नाही, गाव छोटं आहे, लगेच ओळखतील. नववीच्या एका तुकडीला मी मराठी शिकवतो, पटावर ४६. बहुतेक घरांत ऊस नाहीतर म्हशी नाहीतर दोन्ही. नोकरदार घरातली आठदहा पोरं, ती पुढच्या बाकांवर. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं हजेरीत आणि "सर पाणी पिऊन येऊ का" मध्ये जातात.

मी शिकवायला लागलो त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. कविता मला स्वतःला आवडते, म्हणजे आवडायची असं लिहितो, कारण अकरा वर्षं तेच रसग्रहण फळ्यावर लिहून दिल्यावर आवडीचं काय होतं ते ज्यांनी शिकवलंय त्यांना माहितीये.

अडचण

पहिल्या घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. कविता संतांचा अभंग होती, देव आणि भक्त, दुसरं काही नाही. आणि एकामागून एक पेपरात येतंय, "प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे विलोभनीय चित्र रेखाटले आहे." मोजले तर २९ पेपर. अभंगात निसर्ग औषधाला नव्हता. पहिल्या चारपाच पेपरांना हसलो, बायकोला वाचून दाखवले. मग एका पोराची वही दप्तरातून काढून बघितली तर ते वाक्य जुलैत मीच फळ्यावर लिहून दिलेलं, दुसऱ्या कवितेसाठी, "हे वाक्य सुरुवातीला टाकायचं" असं खाली अधोरेखित करून. म्हणजे गाईडला शिव्या घालायची पण सोय राहिली नाही, गाईड मीच होतो.

मग नीट बघितल्यावर लक्षात आलं की पोरांना कविता कळत नाही हा प्रश्नच नाहीये. कविता वाचायची असते हेच त्यांना माहिती नाही. त्यांच्या लेखी कविता म्हणजे वर आठबारा ओळी असतात आणि खाली तिचं उत्तर असतं, वरचं सोडून खालचं पाठ करायचं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तीन परिच्छेद, ४ मार्क. वरच्या ओळी मधल्या मधे कुणी बदलल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शेजारच्या तुकडीच्या मॅडमनी सुचवला आणि तो वाईट नव्हता. साचा अजून पक्का करून घ्या, प्रत्येक कवितेचं वेगळं सुरुवातीचं वाक्य द्या, घोळ होणार नाही. "चार मार्कांसाठी एवढं कशाला जिवाला लावून घेता सर," असं त्या म्हणाल्या. दहावीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी पद्याला १६ आणि त्यातले रसग्रहणाला ४, हिशोब त्यांचा बरोबर होता.

दुसरा, चाल लावून म्हणून घेणं. पाचवीत चालतं. नववीतल्या पोरांचे आवाज फुटलेले असतात, ती तोंड उघडायला लाजतात आणि मग दोन गाणाऱ्या मुलींवर तास जातो.

तिसरा, कवितेचं नाटुकलं किंवा रॅप. आदल्या वर्षी करून झालं होतं. पाच जणांनी केलं, चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर व्हिडिओ झाला, हेडसर खूश. कवितेत काय होतं ते दुसऱ्या दिवशी विचारलं तर रॅप करणाऱ्या पाच जणांनाही सांगता आलं नाही.

चौथा, पुस्तकाबाहेरची कविता आणायची, जिचं गाईड पोरांच्या दप्तरात नाही, आणि ती अर्धवट द्यायची. नाव नाही, कवी नाही, एक शब्द गाळलेला. उत्तर खाली नसेल तर वर बघावंच लागेल एवढाच विचार. हे काही मी शोधलेलं नाही, रिकाम्या जागा भरा हे आपण पहिलीपासून करतो, फक्त कवितेवर कधी करत नाही.

चौथा घेतला. भीती होती ती पोर्शनची, चार तास जाणार होते आणि सहामाही सव्वा महिन्यावर. हेडसरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

कविता ठरवायला दोन दिवस गेले. शेवटी बालकवींची ‘औदुंबर’. कारणं साधी : आठच ओळी, अख्खी फळ्यावर मावते, आणि शब्द पोरांच्या ओळखीचे, तट, झरा, टेकडी, मळा, पायवाट, कुरण, डोह. अडेल असा एकच, झाकळुनी. तो पण अडला नाही, आभाळ झाकळून येतं तसं, म्हणाली पोरं.

काय केलं : पहिला तास

फळ्यावर आठ ओळी लिहिल्या. शेवटची अशी :

पाय टाकुनी जळात बसला असला ________

प्रश्न एकच, पाण्यात पाय सोडून कोण बसलंय?

पुढच्या बाकांवरून लगेच "मुलगा", "कवी", "शेतकरी" आले, सगळी सभ्य उत्तरं. मग मागून एकजण, "म्हस!" वर्ग फुटला. इथं पहिला निर्णय होता आणि तो दोन सेकंदात घ्यायचा होता. नेहमीसारखं "गप बसा रे" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक पोरगा, जो वर्षभरात माझ्या तासाला एकदाही बोलला नव्हता, अगदी गंभीरपणे म्हणाला, "न्हाई सर. म्हस पाय टाकून बसत न्हाई. आख्खी बसती, नाकच वर ठेवती."

मी विचारलं, कशावरून म्हणतोस? त्याला वाटलं म्हशीबद्दल विचारतोय, त्याच्या घरी चार आहेत, तो सांगायला लागला. मी म्हटलं म्हशीचं कळलं, कवितेत कशावरून? तो उठून फळ्यापाशी आला आणि ‘पाय टाकुनी’ वर बोट ठेवलं. हे असं लिवलंय म्हणून.

पुढचे तास ह्या बोटावर चालले. नियम करून टाकला, जे काय म्हणायचं ते म्हणा, पण शब्दावर बोट ठेवून म्हणा.

मग एका मुलीनं ‘बसला’ वर बोट ठेवलं. म्हैस असती तर ‘बसली’ असतं. लगेच मागून, "मग रेडा असंल की!" रेड्याला व्याकरणानं काही करता येईना. शेवटी वरच्या ओळीतला ‘लाटांवर’ कामाला आला, यमक जुळलं पाहिजे. ‘वानर’ आला, त्याला मोठा पाठिंबा मिळाला. टाळ्या वाजवून ओळ म्हणून बघितली तर ती शेवटी लंगडते, पोरांना ऐकूनच कळलं. मग मात्रा मोजल्या. ला दोन, टां दोन, व एक, र एक, लाटांवर झाल्या सहा. वानर चारच. मात्रा मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी पोरं त्या रडत मोजतात. त्या दिवशी वानर बसतोय का बघायला आपणहून मोजल्या, आणि पहिल्या ओळीत ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ पण आठ हे एकानं न सांगता शोधलं.

घंटा झाली. शब्द सांगितला नाही. हा दुसरा निर्णय. पोरं मागे लागलेली, दोघं स्टाफरूमपर्यंत आली. सांगितला असता तर संपलं असतं.

दुसरा तास : आजी आणि गाव

सांगितला नाही तरी व्हायचं ते झालंच. एक पोरगा सकाळी आला तो उत्तर घेऊन. मला वाटलं मोबाईलवर शोधलं. तर नाही, त्यानं रात्री घरी पहिली ओळ मोठ्यानं म्हटली आणि चुलीपाशी बसलेल्या आजीनं पुढच्या सात ओळी चालीत म्हणून टाकल्या. तिला शाळेत होती म्हणे. आणि वर आजी म्हणाली, "त्यो उंबर न्हवं बाळा, गोसावी हाय त्यो."

आता काय करायचं. त्याला गप्प बसवावं, की बोलू द्यावं? बोलू दिलं, पण फक्त शब्द सांगायचा, आजीचं मत पोटात ठेवायचं. हे बरं केलं.

‘औदुंबर’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात झाड. पोरांच्या डोक्यात गाव! आमच्याकडं औदुंबर म्हणजे पलूस तालुक्यातलं, दत्ताचं, कृष्णेच्या काठावरचं. निम्म्या वर्गानं पौर्णिमेला जाऊन आलेलं. एकजण म्हणाला, सर गावच बसलंय पाण्यात, घाटाच्या पायऱ्या म्हणजे त्याचं पाय. आणि मी, बोटाचा नियम काल केलेला मी, पटकन म्हणालो, "नाही रे, चूक. झाड आहे ते." तो बसला तो बसला, त्या दिवशी परत बोलला नाही. खरं म्हणजे किती छान बोलला होता तो. आणि खोडायचंच होतं तर पोरांनीच खोडलं असतं, गाव असतं तर ‘बसला’ नसतं ‘बसले’ असतं, काल हेच तर केलं होतं त्यांनी. मला घाई झाली, कारण मला उत्तर माहिती होतं.

मग शाळेमागच्या दत्ताच्या देवळाजवळचा उंबर बघायला नेलं. नदीवर नेलं नाही, पावसाळा, पाणी चढलेलं. पारावर उंबरं पडून चिखल झालेला, चिलटं घोंगावतायत, एकानं उंबर फोडून आतले किडे दाखवले, मुली किंचाळल्या. काव्यात्म असं काही झालं नाही. परतताना एका मुलीनं विचारलं की देवळाजवळ उंबरच का असतो, दुसरीनं सांगितलं दत्त उंबराखाली असतो म्हणून. तेवढ्यावर आजीवाल्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि त्यानं गोसावी सांगून टाकला. कुणीच हसलं नाही. "मग ‘बसला’ बरोबर हाय," म्हशीवाला म्हणाला. "झाड उभं असतंय. माणूस बसतोय."

एवढ्यासाठी मी बी.एड. केलं होतं बहुतेक.

तिसरा तास : नकाशा

कवितेचा नकाशा काढा म्हटलं. चित्र नाही, नकाशा. चित्र म्हटलं की चांगली चित्रकला असलेली चार पोरं पुढं येतात आणि बाकीचे पेन चावतात. नकाशाला रेघा पुरतात. झरा, गाव, टेकडी, मळे, पायवाट, डोह, झाड, कुठं काय ते दाखवा.

ऐल म्हणजे अलीकडचं आणि पैल म्हणजे पलीकडचं हे मुलींना हादग्याच्या ‘ऐलमा पैलमा’ मुळं लवकर लागलं, मुलांना सांगावं लागलं. मग भांडणं सुरू. टेकडी पैल, गाव टेकडीकडं, पायवाट मळ्यांतून, म्हणजे पायवाट पलीकडं, मग डोह पण पलीकडं, मग झाड? अर्ध्या नकाशांत झाड अलीकडं होतं. एका मुलीनं वहीवर पेन आपटत विचारलं, "पण सर, आपण कुठं उभं आहोत?" ह्याचं उत्तर मला कधीच द्यावं लागलं नव्हतं, कारण कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बोट ठेव. तिनं बराच वेळ शोधलं आणि शेवटी नकाशाच्या बाहेर, कागदाच्या कडेला एक फुली मारली.

तिचंच अजून एक. रंगांखाली रेघा मारायला सांगितल्या होत्या. हिरवाळी, हिरवी, हिरव्या, मधे निळासांवळा, पांढरी पायवाट, मग काळा डोह आणि काळिमा. वहीत तिनं खाली एकच ओळ लिहिली होती, "सगळ्याला रंग दिला, झाडाला दिला नाही." ही कविता मी पंचवीसेक वर्षं ओळखतो आणि हे मला दिसलं नव्हतं. घरी जाऊन परत वाचली, खरंच नाही दिला.

चौथा तास, जो फसला

चौथ्या तासाला कवी सांगितला. बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० धरणगावचा, खानदेशातले. आणि मग मला राहवलं नाही, मृत्यू पण सांगितला, १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली, वय २७. वर्ग एकदम शांत झाला आणि मला वाटलं वा, काय परिणाम झाला.

परिणाम झालाच. त्यानंतर लिहायला दिलेल्या चाळीसेक वह्यांत काळा डोह म्हणजे मृत्यू, पायवाट म्हणजे मृत्यूकडं जाणारी वाट, झाड म्हणजे मरणाची वाट बघणारा कवी. नकाशे गेले, रंग गेले, गोसावी गेला. ‘गोड काळिमा’ मधल्या ‘गोड’ वर एकाही वहीत बोट नाही, कारण ते मरणात बसत नव्हतं. तसा अर्थ काढू नये असं नाही, ह्या आठ ओळींचे जाणकारांनी इतके वेगवेगळे अर्थ लावलेत की अर्थ हवे तेवढे आहेत. पण हा अर्थ पोरांनी कवितेतून काढला नव्हता, माझ्या माहितीतून काढला होता. ‘निसर्गाचे विलोभनीय चित्र’ गेलं आणि त्याच्या जागी ‘कवीला मृत्यूची चाहूल’ आलं, दोन्ही वाक्यं माझीच.

परिणाम

सहामाहीत रसग्रहणाला पुस्तकातली कविता होती. आमच्याकडं सहामाहीला तुकड्यांचे पेपर अदलाबदल करून तपासतात, माझ्या तुकडीचे मॅडमकडं गेले. त्यांनी आराखड्याप्रमाणं तपासले, त्यांचं काही चुकलं नाही. विलोभनीय चित्र २९ वरून ९ वर आलं होतं. पण तुकडीचे मार्क वाढले नाहीत, थोडे घसरलेच. अकरा जणांनी चारपाच ओळीच लिहिल्या होत्या, साचा सोडला आणि हातात दुसरं काही नाही. म्हशीवाल्या पोराला ४ पैकी २, त्याचे आधीचे शून्य किंवा अर्धा असायचे, तो खूश. रंगवाल्या मुलीला मात्र दीड. ती पहिल्या तीनात येणारी, तिनं तिन्ही परिच्छेद मोडून एका शब्दावर पानभर लिहिलं होतं.

तिचे वडील आले. साखर कारखान्यात नोकरीला, शांत माणूस, आवाज चढवला नाही. "सर, पोरगी म्हणती तुम्ही सांगितलं मनानं लिही. मग मनानं लिहिल्याचे मार्क कापायचे असतात का? तसं असंल तर तसं सांगा, तिला पाठ करायला लावतो."

उत्तर नव्हतं. मी मॅडमना काहीच सांगितलं नव्हतं, चार तास गुपचूप केलं आणि तपासायला दिलं त्यांना. मार्क वाढवून विषय मिटवणं सोपं होतं, एकटीचेच वाढवायचे तर ते बाकीच्यांवर अन्याय. शेवटी मॅडम आणि मी दोन संध्याकाळी बसून ४६ च्या ४६ रसग्रहणं परत वाचली. मॅडमनी अट घातली, तीन मुद्दे आलेच पाहिजेत, बोर्डाला मी जाऊन सांगणार आहे का. मी अट घातली, प्रत्येक मुद्द्यात कवितेतला निदान एक शब्द उचलून दाखवलेला पाहिजे, नाहीतर अर्धा मार्क कमी. त्या हिशोबानं सोळा जणांचे वाढले, सातांचे कमी झाले, मुलीचे अडीच झाले. कमी झालेल्यांतले दोन पालक मग माझ्याकडं आलेच.

ते ‘तीन मुद्दे, तीन बोटं’ आता दोन्ही तुकड्यांत चालू आहे. मॅडम नाव झाकत नाहीत, त्यांना ते पोरकट वाटतं. शब्द मात्र गाळतात.

परत केलं तर

तपासण्याचं आधी ठरवेन, शिकवायचं नंतर. मॅडमशी पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते टाळल्याची किंमत त्या मुलीनं दिली.

पोर्शन पंधरवडाभर मागे पडला तो दिवाळीनंतर जादा तास घेऊन भरला. तेव्हाच हेडसरांना कळलं. चार तास जास्त होते, तीन पुरले असते, कारण चौथ्यानं उलट नुकसानच केलं. कवीचं चरित्र पोरांनी लिहून वह्या दिल्यावरच सांगायचं, आणि मृत्यू सांगायचा का ते अजून ठरत नाही. एकदा वाटतं सांगावं, पोरांना कवी हाडामासाचा वाटतो. मग त्या चाळीस वह्या आठवतात.

चारपाच ओळींवर थांबलेल्या अकरा जणांसाठी मधली पायरी हवी होती. साचा एकदम काढून घेतला तर ज्याला पोहता येत नाही तो बुडतो. आता त्यांना एक शब्द मी निवडून देतो आणि त्याच्यावर फक्त तीन वाक्यं मागतो.

आणि घाटाच्या पायऱ्या म्हणणारा पोरगा. त्याला दोन दिवसांनी व्हरांड्यात गाठून सांगितलं की तुझं चूक नव्हतं, मीच घाई केली. तो "असू दे सर" म्हणाला आणि पळाला, कबड्डीचा डाव चालू होता. वर्गात सांगायला पाहिजे होतं, सगळ्यांसमोर. खोडलं सगळ्यांसमोर होतं.